'दिलेलं नाही' : इंग्रजी उताऱ्याचा सराव आणि तिसरा पर्याय

आजचा विषय फलकावर लागला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इंग्रजीच्या परीक्षेशी काय काम?" प्रश्न रास्त आहे. गेली दोन-अडीच वर्षं परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या काही परिचारिका माझ्याकडे इंग्रजी उतारे घेऊन येतात. आपलं व्याकरण कच्चं आहे, अशी त्यांची समजूत असते. मी त्यांच्या वह्या बघितल्या, त्यांची सरावाची पुस्तकं वाचली, आणि माझं मत असं झालं की व्याकरण बरंचसं ठीक आहे. गोंधळ आहे तो वाचणं म्हणजे काय या कल्पनेत. आणि तो गोंधळ सराव करूनच वाढवलेला आहे. त्या सरावावर मला आज टीका करायची आहे. कोणत्याही पुस्तकाचं किंवा क्लासचं नाव घेणार नाही. त्याची गरजही नाही, पद्धत सगळीकडे तीच आहे.

परीक्षा कोणती, ते आधी सांगतो, कारण इथे सगळेच त्या क्षेत्रातले नाहीत. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी लागते. तिच्यासाठी इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं. परीक्षा देऊन दाखवायचं तर कौन्सिलला दोन परीक्षा चालतात : आयईएलटीएसची अ‍ॅकॅडेमिक परीक्षा, आणि 2017 च्या अखेरीपासून ओईटी. आयईएलटीएसच्या वाचनात 7 बँड लागतात. लेखनाची अट 2018 मध्ये साडेसहावर आणली, वाचनाची सातच राहिली. वाचनाचे प्रश्न 40, वेळ एक तास, उतारे तीन. सहा बँडला साधारण 23 उत्तरं बरोबर यावी लागतात, सातला साधारण 30. म्हणजे सहा मिळवणारी मुलगी आणि सात मिळवणारी मुलगी यांच्यात सात प्रश्नांचं अंतर आहे. त्या सात प्रश्नांपायी वर्षं जातात, फी पुन्हा भरली जाते, घरी बोलणी बसतात.

ओईटी ही खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची परीक्षा, मूळ ऑस्ट्रेलियातली. तिच्या वाचनाचे तीन भाग आहेत. 'ए' भागात एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर, 20 प्रश्न, आणि वेळ पंधरा मिनिटं. 'बी' भागात कामाच्या ठिकाणचे सहा तुकडे : एखादी सूचना, एखादं धोरण, उपकरणाच्या माहितीपत्रकातला परिच्छेद. 'सी' भागात दोन लांब लेख आणि सोळा प्रश्न. 'बी' आणि 'सी' मिळून 45 मिनिटं. इथे लागते 'बी' श्रेणी.

आता सराव कसा करून घेतात ते बघा. पहिला नियम : उतारा वाचू नका. मी थट्टा करत नाही, बहुतेक पुस्तकांत हे शब्द थोड्याफार फरकाने आहेत. आधी प्रश्न वाचा, प्रश्नातल्या मुख्य शब्दाखाली रेघ मारा, मग उताऱ्यावरून नजर फिरवत तो शब्द किंवा त्याचा जुळा शब्द शोधा, सापडला की त्याच्या आसपास उत्तर असणार. याला क्लासमध्ये 'कीवर्ड मेथड' म्हणतात. जोडीला 'स्किमिंग' आणि 'स्कॅनिंग' हे दोन मंत्र.

ही पद्धत सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. स्वारगेटला उभं राहून एसटीचं वेळापत्रक पहिल्या ओळीपासून कोणी वाचत नाही. आपल्या गावाचं नाव शोधतो, वेळ बघतो, पळतो. ओईटीचा 'ए' भाग नेमका हेच मागतो. औषधाची मात्रा कोणत्या मजकुरात आहे, ती किती, शब्द जसाच्या तसा उतरवा. रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या सिस्टरलाही असंच शोधावं लागतं. तेव्हा पंधरा मिनिटांत वीस उत्तरं हुडकणं हे कौशल्य आहे आणि ते सरावाने येतं. माझं भांडण पुढे आहे. 'ए' भागाची ही पद्धत उचलून 'सी' भागाला आणि आयईएलटीएसच्या लांब उताऱ्यांना लावतात. शोधणं आणि समजणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि एकीचा सराव केल्याने दुसरी सुधारते असं मानायला काही आधार नाही.

अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' आमच्याकडे पहिल्या वर्षाला असायचा. त्यात वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात म्हणून सांगितलंय : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. सन्निधी म्हणजे शब्दांचं एकमेकांजवळ असणं. 'गाय' हा शब्द आत्ता उच्चारला आणि 'आण' हा तासाभराने, तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही. कीवर्ड हुडकणारा वाचक नेमका हा सन्निधी मोडतो. त्याला शब्द सापडतो, पण त्याच्या आधीच्या वाक्यातलं 'जरी' त्याने वाचलेलं नसतं, आणि नंतरच्या वाक्यातलं 'पण' वाचायच्या आत तो पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आयईएलटीएसमध्ये एक प्रश्नप्रकार आहे. काही विधानं दिलेली असतात आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिहायचं : 'ट्रू', 'फॉल्स' किंवा 'नॉट गिव्हन'. उतारा विधानाला दुजोरा देत असेल तर पहिलं, उतारा विधानाच्या विरोधात जात असेल तर दुसरं, आणि उताऱ्यात त्याबद्दल काहीच नसेल तर तिसरं, 'दिलेलं नाही'. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्याजणी या तिसऱ्यापाशी अडतात. 'नॉट गिव्हन'च्या जागी 'फॉल्स' लिहितात.

अडतात, कारण शाळेपासून आपण 'चूक की बरोबर ते लिहा' करत आलो. त्या प्रश्नाला तिसरं घर नसतं. धड्यात नाही, म्हणजे चूक. आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांचं उत्तर उताऱ्यात असतंच, वाक्य उचलून लिहायचं, हेही आपल्या हाडीमाशी खिळलेलं. उतारा एखाद्या गोष्टीबद्दल गप्प असू शकतो, ही कल्पनाच आपल्या वर्गात कधी शिकवली जात नाही.

मी एक छोटा उतारा रचला आहे, मराठीतच सांगतो. 'या रुग्णालयात पूर्वी रात्रपाळी बारा तासांची होती. नंतर ती आठ तासांची करण्यात आली. पुढच्या वर्षभरात परिचारिकांच्या आजारपणाच्या रजा कमी झाल्या.' एवढाच. आता विधानं घ्या. रात्रपाळी पूर्वीपेक्षा लहान झाली : बरोबर. आजारपणाच्या रजा वाढल्या : चूक. परिचारिकांना नवी पाळी आवडली : दिलेलं नाही. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. आता चौथं : पाळी लहान केल्यामुळे रजा कमी झाल्या.

(श्रोत्यांतून : "बरोबर!")

बघा, इथेही तेच आलं. उताऱ्यात 'नंतर' आहे, 'मुळे' नाही. 'मुळे' आपण घातलं. रुग्णालयाने त्याच वर्षी रजेचे नियम कडक केले असतील, माणसं वाढवली असतील. उतारा बोलत नाही. म्हणून उत्तर 'दिलेलं नाही'. आणि गंमत अशी, की हे विधान उलटं केलं, म्हणजे 'रजा कमी होण्याचा पाळीशी काही संबंध नव्हता' असं लिहिलं, तरी उत्तर तेच, 'दिलेलं नाही'. विधान आणि त्याचा निषेध, दोन्ही दिलेले नाहीत. जगात दोहोंपैकी एक खरं असणारच, पण उताऱ्याला ते माहीत असलंच पाहिजे असं नाही. इथे कुणाला स्याद्वाद आठवेल. तो मोह आवरावा. तिथला विचार वस्तूच्या अनेक अंगांचा आहे, इथला साक्षीदाराच्या मौनाचा.

मौनाचा अर्थ केव्हा लावायचा, यावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, 'अनुपलब्धी' या स्वतंत्र प्रमाणाने. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, डोळ्यांनीच कळतं. तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. पण एका अटीवर दोघांचं जमतं : घट तिथे असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. हिला 'योग्य अनुपलब्धी' म्हणतात.

उताऱ्याला हेच लावून बघा. 'असतं तर सांगितलं असतं' अशी परिस्थिती असेल, तर न सांगणं हेही सांगणं होतं. नसेल, तर ते नुसतं मौन. एक उदाहरण देतो, कारण इथे सरावाची पुस्तकं फार ढिसाळ आहेत. उताऱ्यात वाक्य आहे, 'बहुतेक रुग्णांनी औषध वेळेवर घेतलं'. विधान आहे, 'सगळ्या रुग्णांनी औषध वेळेवर घेतलं'. उत्तर काय? कोरड्या तर्कशास्त्रात 'बहुतेक' म्हटल्याने 'सगळे' खोटं ठरत नाही. पण माणसं तशी बोलत नाहीत. पॉल ग्राइस यांनी 1967 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हेच मांडलं : बोलणारा पुरेसं बोलतो असं आपण धरून चालतो. सगळ्यांनी घेतलं असतं तर लेखक 'सगळ्यांनी' म्हणाला असता. इथे उजेड आहे, घट असता तर दिसला असता, म्हणून 'फॉल्स'. मी पाहिलेल्या एका पुस्तकात अशाच विधानाला 'नॉट गिव्हन' उत्तर दिलंय, त्याच पुस्तकात पुढे तसल्याच विधानाला 'फॉल्स', आणि कारण कुठेच नाही. उत्तरपत्रिकेत नुसती अक्षरं : टी, एफ, एनजी. मुलगी गुण मोजते, वही मिटते, दुसऱ्या दिवशी नवा उतारा. असे दोनशे उतारे सोडवलेली मुलगी मी पाहिली आहे, आणि दोनशेव्या उताऱ्यात तिची चूक पहिल्या उताऱ्यातलीच होती.

आता मला जे सगळ्यांत खटकतं ते सांगतो. हा तिसरा पर्याय परिचारिकेला परका नाही. तिचा दिवस त्याच्यावर चालतो. केस पेपरवर अ‍ॅलर्जीचा रकाना असतो. त्यात 'माहितीतली अ‍ॅलर्जी नाही' असं लिहिलेलं असणं आणि रकाना कोरा असणं यांतला फरक तिला विचारा. कोरा रकाना म्हणजे 'नाही' असं समजून ती पेनिसिलीनचं इंजेक्शन देईल का? देणार नाही. ती रुग्णाला विचारेल, नातेवाइकांना विचारेल, डॉक्टरांना फोन करेल. किंवा रुग्णाच्या पोटात किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली त्याचा तक्ता घ्या. लघवीपुढे शून्य लिहिलेलं असेल तर धावपळ होते. लघवीपुढे काहीच लिहिलेलं नसेल तर आधी विचारतात, मोजली का नाही? शून्य आणि कोरी जागा. एक रुग्णाबद्दल काही सांगते, दुसरी सांगत नाही. ही मुलगी सकाळी सात ते दुपारी दोन हा भेद पाळते, आणि संध्याकाळी क्लासला जाऊन 'कोरं म्हणजे फॉल्स' लिहिते. तिला कोणी सांगितलेलंच नसतं, की बाई, हे तेच आहे. मी हे उदाहरण दिल्यावर त्यांच्यातल्या एकीने कपाळावर हात मारला. म्हणाली, "सर, मग हे इंग्रजी नाहीच, हे चार्टिंग आहे."

याच्या उलट एक सापळा आहे, आणि तो ओईटीत जास्त. मजकूर वैद्यकीय असतो, आणि वाचणारीला वैद्यकीय ज्ञान असतं. उताऱ्यात हात धुण्याच्या वेळा दिल्या आहेत. पर्याय म्हणतो, लेखकाच्या मते हात धुतल्याने संसर्ग कमी होतो. ती म्हणते, कमी होतोच की! होतो, पण या लेखकाने ते या उताऱ्यात म्हटलंय का? आपल्याला एखादी गोष्ट कोणत्या प्रमाणाने कळली, अनुभवाने, अनुमानाने की समोरच्या शब्दाने, हे वेगळं ठेवता येणं ही प्रमाणशास्त्राची पहिली इयत्ता आहे. जिला विषयातलं जास्त कळतं तिची इथे जास्त चूक होते, हे बघून मला सुरुवातीला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

'सी' भागात आणखी एक अडचण येते, ती मतांची. लेखक दुसऱ्याचं मत आधी मांडतो आणि मग त्याला उत्तर देतो. आपल्या शास्त्रग्रंथांत याला पूर्वपक्ष म्हणतात. शंकराचार्यांचं भाष्य पहिल्यांदा वाचणारा विद्यार्थी हमखास फसतो, कारण पूर्वपक्ष इतक्या ताकदीने मांडलेला असतो की आचार्यांचंच मत वाटावं. इंग्रजी लेखात तर 'आता पूर्वपक्ष' अशी पाटीही नसते. एखादा 'सम आर्ग्यू', एखादा 'सपोजेडली', एखादा 'इट इज क्लेम्ड', एवढीच खूण. कीवर्ड शोधणाऱ्याची नजर या शब्दांवरून घसरते, कारण हे शब्द प्रश्नात नसतात.

इथे मराठीचा उपयोग करावा असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे 'म्हणे' आहे. 'तो आजारी आहे' आणि 'तो म्हणे आजारी आहे' यांतलं अंतर पाचवीतल्या पोराला कळतं. बोलणाऱ्याने जबाबदारी अंगावरून काढून टाकली. मी त्या मुलींना सांगतो, 'सपोजेडली' दिसलं की मनात 'म्हणे' वाचा. 'ओन्ली' दिसलं की 'च' वाचा, आणि तो 'च' कोणत्या शब्दाला चिकटलाय ते बघा. 'सिस्टरच औषध देतात' आणि 'सिस्टर औषधच देतात' यांत केवढा फरक आहे! इंग्रजीत 'ओन्ली' एका जागी ठेवून लोक मोकळे होतात, आपल्याला तो शोधावा लागतो. आणि 'फ्यू' नि 'अ फ्यू' : पहिल्यात 'फारसे कुणी नाही' असा नकार आहे, दुसऱ्यात 'थोडे आहेत' असा होकार. तो छोटा 'अ' सुटला की लेखकाचा रोखच उलटतो. मराठी मध्यमातून आलेल्या मुलींना क्लासमध्ये सांगतात, मराठीत विचार करणं थांबवा. मला हा सल्ला बिनबुडाचा वाटतो. ज्या भाषेत माणसाला छटा कळतात त्याच भाषेच्या हाताला धरून दुसऱ्या भाषेतल्या छटा कळतील.

परीक्षेवर टीका नाही का, असं विचाराल. आहे. आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडेमिक उताऱ्यांचा वॉर्डाशी संबंध नसतो. प्राचीन अवशेष, कीटक, वास्तुकला, काहीही येतं. वीस वर्षं अतिदक्षता विभागात काढलेल्या बाईची नोंदणी मुंग्यांवरच्या उताऱ्यावरून अडावी, हे मला न्याय्य वाटत नाही. ओईटी त्या मानाने बरी, पण तिची फी आयईएलटीएसपेक्षाही जड आहे. आणि तासाच्या घड्याळाखाली केलेलं वाचन हे वाचनाचं एकच रूप मोजतं. हे सगळं खरं. तरीसुद्धा 'नॉट गिव्हन' हा प्रश्न ज्याने काढला त्याला मी दाद देतो. माझ्या विद्यापीठातल्या कित्येक एम. ए.च्या प्रश्नपत्रिकांत इतका चांगला प्रश्न नव्हता.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलंय, की मग रोज किती उतारे सोडवायचे. त्या स्वतः ड्यूटी करून अभ्यास करतात, म्हणून हिशेबाने सांगतो. आठवड्यातले पाच दिवस एकच उतारा, घड्याळ न लावता, आणि आधी पूर्ण वाचून. प्रत्येक उत्तरापुढे ते ज्या वाक्यावरून दिलं त्या वाक्याचा क्रमांक लिहायचा. वाक्य सापडलं नाही तर क्रमांकाच्या जागी रेघ मारायची. रेघ आली आणि उत्तर 'फॉल्स' लिहिलेलं असलं, तर थांबून स्वतःला विचारायचं : घट दिसला नाही, पण उजेड होता का? 'सी' भागात चार पर्यायांपैकी तीन का चुकीचे, ते प्रत्येकी एका ओळीत, मराठीत लिहिलं तरी चालेल. याला एका उताऱ्याला तास-दीड तास लागतो, सुरुवातीला दोन. सहाव्या दिवशी मात्र घड्याळ लावून पूर्ण परीक्षा, आणि 'ए' भागाला खुशाल पळायचं. सातव्या दिवशी झोपा. रात्रपाळीहून आल्या आल्या उतारा उघडू नका. त्या वेळी केलेल्या चुका मोजून काहीच कळत नाही. आणि स्वतः रचून बघा. वॉर्डातली एखादी छापील सूचना घ्या. रुग्णाचा कागद नको, तो वॉर्डाबाहेर आणायचा नसतो. तिच्यावर सहा विधानं लिहा, दोन-दोन तिन्ही प्रकारची, आणि मैत्रिणीला सोडवायला द्या. 'ट्रू' आणि 'फॉल्स'ची चार दहा मिनिटांत होतात. 'नॉट गिव्हन'ची दोन लिहायला अर्धा तास लागेल.